दोन्ही बाजूंनी रंगवलेलं गाव

रविवार, फेब्रुवारीतला दुसरा. वेळ दुपारी चार. स्थळ: वर्धा नदीकाठच्या एका गावातल्या शाळेचं पटांगण. गावाचं नाव लिहीत नाही. कोळशाच्या खाणीसाठी ते गाव उठणार आहे आणि तिथल्या लोकांना सध्या प्रत्येक कागदावर दोन-दोन पत्ते लिहावे लागतात, त्यात माझी भर नको. हजर: पाटील आणि पाटलीणबाई; अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या कांताबाई; गावातली जवळजवळ सगळी घरं, माणसांसकट; माझे यजमान, माईकजवळ; मी, चटयांजवळ; शिवाय एक म्हैस, जिला कुणी बोलावलं नव्हतं. गैरहजर: ज्यांनी हे सगळं जमवलं ते आमचे धाकटे भाऊजी. ते पडद्यामागे आहेत असं कुणीतरी म्हणालं. पण त्या पडद्याला मागची बाजूच नव्हती.

धाकटे भाऊजी म्हणजे माझ्या यजमानांचे सख्खे भाऊ. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत त्यांनी न पाहिलेलं गाव नाही आणि पाहिलेल्या एकाही गावाचा रस्ता त्यांना परत सापडत नाही. फोनवर पत्ता विचारला तर सांगतात, "नाला लागला का पुढं पाह्यजा, तिथी आभाळ जरा गढूळ होते. तेच गाव." या पत्त्यावर माझे यजमान एकदा त्यांना आणायला गेले आणि भलत्याच गावातल्या लग्नात जेवून परत आले. वर म्हणाले, "आभाळ गढूळ होतं खरं."

आमचं मूळ घर कुरखेड्याचं. त्या बाजूला धान घरात आलं की गावोगाव नाटकं लागतात, आणि नाटक म्हटलं की पडदे आले. महालाचा पडदा, रस्त्याचा पडदा, गरिबाच्या झोपडीचा पडदा आणि जंगलाचा पडदा. एवढ्या चारांत झाडीपट्टीतली सगळी नाटकं बसतात. भाऊजी कोवळ्या वयातच वडशाच्या एका नाटक कंपनीत रंग घोटायला लागले आणि पुढे पडदेच रंगवत राहिले. परिणाम असा झाला, की त्यांना सगळं जग बांबूला टांगलेलं दिसतं. कुणाच्या घरी गेले तर ते खुर्चीवर बसत नाहीत. समोरच्या भिंतीला पाठ लावून एक डोळा मिटतात आणि अंगठा पुढे धरून तुमचं कपाट मोजतात. माझ्या भाचीच्या लग्नात त्यांनी भर मांडवात मुलीच्या बापाला बाजूला घेतलं. तो बिचारा घाबरला, मुलाकडचं काही निघालं की काय. भाऊजी म्हणाले, "तुमच्या मांडवाच्या दोन्ही बाजूच्या रेघा कुठीच जाऊन मिळत नाईत. मंगलाष्टकं झाली तरी मले चैन पडणार नाई." शेवटी दोन खांब हलवले तेव्हा ते जेवले.

त्यांचं सामान म्हणजे एक लांब बांबू. पडदा जमिनीवर अंथरून रंगवतात, म्हणून कुंचला बांबूच्या टोकाला बांधायचा आणि उभ्यानं चालवायचा. हा बांबू घेऊन ते एसटीत चढतात. एकदा ब्रह्मपुरीच्या गाडीत कंडक्टरनं टोमणा मारला, "काय भाऊ, बांबूचं हाफ काढू का फुल?" भाऊजी शांतपणे म्हणाले, "फुल काढा. पण मंग त्याले सीट द्या." कंडक्टरही त्याच मातीतला. त्यानं खरोखर तिकीट फाडलं. बांबू खिडकीशी बसून आला आणि भाऊजी उभ्यानं आले.

माझ्या घरापुरती मी काही व्यवस्था लावून घेतली आहे. मी शाळेत मुख्य लिपिक आहे, व्यवस्थेशिवाय मला झोप येत नाही. भाऊजी आले की रंगात घालायचा सरस उकळतात. पूर्वी माझ्या कुकरमध्ये उकळत. त्या वासानं शेजारच्या बाईंनी गॅसवाल्याला फोन केला होता. आता त्यांच्यासाठी वेगळं पातेलं, वेगळा चमचा, वेगळं फडकं, आणि तिन्हींवर लाल रंगाचा ठिपका. या ठिपक्यांवरही त्यांनी मत दिलं: "लाल जरा कच्चा आहे, वहिनी." जेवणाबद्दल मात्र त्यांचं एकही मत नाही. मीठ विसरलेलं वरण ते दोनदा मागून घेतात आणि विचारलं तर म्हणतात, "रंग चांगला उतरला."

मध्यंतरी शहरातून काही कलावंत मंडळी गडचिरोलीला आली होती. जागा, जंगल, माणसांचे हक्क यांवर काम करणारी ती मुलं-मुली, चांगली मनापासून राबणारी. भाऊजी त्यांच्या शिबिराला गेले आणि एक नवा शब्द घेऊन आले. दारातूनच ओरडले, "वहिनी! आपण जे इतके वर्स करून राह्यलो ना, त्याले इन्स्टॉलेशन म्हणते!" मी म्हटलं, "आधी पाय धुवा." पण शब्द त्यांच्या डोक्यात शिरला होता: वस्तू जिथे मांडायची ती जागाही चित्रातच धरायची. पुढच्याच महिन्यात त्यांनी वडशाच्या कंपनीकडून जंगलाचा एक जुना पडदा मागून आणला आणि ज्या रस्त्याच्या रुंदीकरणात सागाची, मोहाची झाडं गेली होती, त्या उघड्या जागेवर तो दोन बांबूंना टांगला. कापलेल्या बुंध्यांच्या मागे हिरवंगार रंगवलेलं जंगल. त्यात एक हरीण, भाऊजींच्याच हातचं, थोडं बकरीसारखं.

आता आपल्याकडे पडदा दिसला की लोक बसतात. मोहफुलं वेचून परतणाऱ्या बाया बसल्या, दोन ट्रकवाले बसले, एक लग्नाची गाडी थांबली. तासाभरानं एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, नाटक कवा सुरू होते?"

"हेच नाटक आहे, बाई."

"आन् जंगल कुठी गेलं?"

"त्याची एक्झिट झाली."

म्हातारी पडद्याकडे पाहत बसली. मग उठली, पाटीतली ओंजळभर मोहफुलं एका बुंध्यावर ठेवली आणि गेली. तिच्यामागून बाकीच्या बायांनीही ठेवली. भाऊजींनी हे मला सांगितलं तेव्हा ते माझ्या स्वयंपाकघरात लाल ठिपक्याचं पातेलं घासत होते आणि घासताना थांबले होते.

असा हा माणूस नदीकाठच्या त्या गावात पोचला तो चुकून. त्यांना माजरीला जायचं होतं. गाव उठणार हे त्यांना पारावर कळलं. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "तुम्ही जाण्याच्या आधी म्या तुमच्या गावाचा पडदा रंगवून देतो. आख्खं गाव. घराले घर." मला कळलं ते आठ दिवसांनी, जेव्हा फोन आला: "वहिनी, मांजरपाट कापड कुठी मिळते? खूप लागन."

कापड मी भद्रावतीतून, म्हणजे आम्ही राहतो तिथून, पाठवलं. रविवारी जाऊन पाहिलं, तर शाळेच्या पटांगणात कापड अंथरलेलं, त्याला खडूचा पांढरा थर दिलेला आणि भोवती अर्धं गाव उकिडवं बसलेलं. प्रत्येकाची काही ना काही मागणी. एकाला आपल्या घरावर स्लॅब हवा होता, कारण तो पुढच्या वर्षी घालायचाच होता. एकाला न खोदलेली विहीर हवी होती. पडद्यावर जे दिसेल ते भरपाईच्या वेळी मोजणीवाले मान्य करतील अशी गावात हवा उठली होती. भाऊजी म्हणाले, "विहीर काढतो, पण पाणी नाई दाखवणार." त्यानं विहिरीचा नाद सोडला. एका बाईनं मात्र फक्त मेलेली गाय मागितली, आणि ती भाऊजींनी गोठ्यात बसलेली काढून दिली, मान वळवून, तिच्या घराकडे पाहणारी. दुपारी दोनला शेजारच्या चालू खाणीत सुरुंग उडत. जमीन हले आणि भाऊजींची रेघ वाकडी होई. ती ते पुसत नसत. "हे म्या काढली नाई. गावानं काढली," म्हणत आणि पुढे जात.

पडदा जवळजवळ पूर्ण झाला त्या दिवशी कांताबाई आल्या. सडपातळ, चष्मा, पांढरं लुगडं. साऱ्या गावाची मुलं त्यांच्या अंगणवाडीतून गेलेली. कडेकडेनं चालत त्या पडद्याच्या वरच्या टोकाला पोचल्या. तिथे त्यांची बौद्ध वस्ती होती. धुकट निळ्या रंगात नखाएवढी चार-पाच घरं आणि विहाराचा एक ठिपका.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "आमी इतके बारीक काऊन?"

"दूरचं बारीक दिसते, बाई. चित्राचा नियमच आहे तो."

"दूर? कोनापासून?"

भाऊजींनी बांबू खाली ठेवला.

"नव्या गावठाणाचा नकाशा पाह्यला म्या," कांताबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "शाळा इकडं, रस्ता इकडं, आन् आमचे प्लॉट टाकीच्या पल्याड, पार शेवटी. इथी होतो तसेच. गाव नवीन होऊन राह्यलं, तर आमी तिथी तरी कडेले नको, एवढंच माह्यं म्हननं आहे. आन् तुमी तर त्याच्याही आधी आमाले कडेले बसवलं."

त्या गेल्या. भाऊजी त्या संध्याकाळी आमच्याकडे आले आणि जेवले नाहीत. जे माणूस बिनमिठाचं वरण दोनदा मागतं ते जेवत नाही म्हटल्यावर मी यजमानांना टीव्ही बंद करायला लावला.

"वहिनी," भाऊजी म्हणाले, "पडदेवाला कोन्त्याही गावात गेला का त्याले पाटलाच्या घरी उतरवते. चहा तिथी, झोपनं तिथी. सकाळी उठून ओट्यावरून जे दिसते तेच म्या गाव समजलो. जिंदगीभर सगळेच गावं पाटलाच्या ओट्यावरून काढले."

"मग आता?" मी विचारलं.

"आता तिकडून काढतो."

मी हिशेबी बाई. म्हटलं, त्याच कापडाच्या पाठीवर काढलंत तर रंग दुसऱ्या बाजूला फुटेल, पाटलाच्या घरातून विहार डोकावेल. दुसरं कापड आणा, पाठीला पाठ लावून शिवून घ्या. ते कापडही मीच आणलं आणि शिवलंही आमच्याच अंगणात, पडद्यावर बसून, कारण उभं राहून ते आवरत नव्हतं.

भाऊजी वस्तीत राहायला गेले. कांताबाईंच्या पडवीत बांबू, पातेलं आणि ते. दुसऱ्या बाजूला गाव उलटं उमटू लागलं. पुढे विहार, त्यावरचा पंचशील ध्वज, कांताबाईंचं निळं दार, दारातलं कवठाचं झाड, एकेका फळासकट. आणि दूर टोकाला, धुकट निळ्या रंगात, नखाएवढं पाटलांचं घर. पाटील पाहायला आले. भला माणूस, पण मान मोठा. बराच वेळ शोधून त्यांना आपलं घर सापडलं.

"हे आमचं घर आहे का कोंबड्याईचं खुराडं?"

"दूरचं बारीक दिसते, पाटील."

"आमचं घर दूर? कोनापासून?"

भाऊजी मला नंतर म्हणाले, "वहिनी, दोघाईनं एकच सवाल केला. अक्षरशः एकच!" याचा त्यांना इतका आनंद झाला होता, की पाटील रागावून गेले हे सांगायचंच ते विसरले. पाटलांचा निरोप मला यजमानांकडून कळला: पडदा लागेल त्या दिवशी आमच्या आळीतलं कुणी येणार नाही.

आणि आळी आली नाही तर सगळं मुसळ केरात. नव्या गावठाणात प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटावेत, कोण कुठे हे जातीवरून ठरू नये, असा अर्ज कांताबाईंना करायचा होता, आणि सह्या त्याच दिवशी पडद्यापाशी घ्यायच्या ठरल्या होत्या. तो एकट्या वस्तीनं केला तर टाकीच्या पल्याडच राहणार. सगळ्या गावानं केला तरच नकाशा बदलणार. म्हणून मी मधला मार्ग काढला. पडदा पटांगणाच्या मधोमध टांगायचा. पूर्वेला पाटलांची आळी बसेल, तिला पाटलांची बाजू दिसेल. पश्चिमेला वस्ती बसेल, तिला तिची. कुणाचं घर कुणापुढे लहान होणार नाही. पाटलांना हे पटलं. भाऊजींना सांगितलं तर म्हणाले, "बरं," आणि भिंतीकडे पाहत राहिले. त्यांचं 'बरं' मी ओळखायला हवं होतं.

आपल्याकडे नाटकाची जागा दुपारीच धरतात. ज्याची चटई त्याची जागा, हा कायदा सरकारपेक्षा पक्का. त्या रविवारी दोन वाजल्यापासून पूर्वेला आणि पश्चिमेला चटया, पोती, सतरंज्या पडू लागल्या. पडदा वर गुंडाळलेला होता. कुठली बाजू कुठे हे मी स्वतः तपासलं होतं, बांबूला चिठ्ठी बांधली होती. चार वाजता यजमानांनी माईकवर "हॅलो, हॅलो" केलं, भाऊजींनी ऐनवेळी कुठूनसं उगवून दोर सोडला आणि गाव खाली उलगडलं.

उलटं! पाटलांच्या आळीपुढे विहार, निळं दार आणि कवठ. वस्तीपुढे पाटलांचा ओटा, गोठा आणि मान वळवलेली गाय.

मी धावत गेले. "भाऊजी, हे काय केलंत?"

"वाऱ्यानं फिरला असन," भाऊजी म्हणाले. झाडाचं पान हलत नव्हतं.

पूर्वेकडे कुजबूज वाढली. पाटील उठायला निघाले. पण त्यांच्या शेजारी पाटलीणबाई चष्मा सावरत पुढे सरकल्या होत्या. "थांबा ना जी," त्या म्हणाल्या, "आपलं घर तिथून असं दिसते? म्या लगन होऊन आली तवापासून त्या टोकाले गेलीच नाई." मग मोठ्यानं विचारलं, "हे निळं दार कोनाचं आहे, बाप्पा?"

"माह्यं," पडद्याच्या पलीकडून आवाज आला.

"कोन? कांताबाई का? तुमच्या दारी कवठ आहे? आन् म्या दर साली बजारातून आनते!"

"माहीत असतं तर पाठवले असते."

"दिसतच नाई तर माहीत कसं होईन?" असं म्हणत पाटलीणबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, पडद्याला वळसा घातला आणि आपलं घर मोठं पाहायला पलीकडे गेल्या. तिथे वस्तीतल्या बाया बसल्या होत्या. कांताबाईंनी आपल्या चटईवर सरकून जागा केली.

त्यानंतर माझी बैठकव्यवस्था संपली. प्रत्येकाला आपलं घर शोधायचं होतं आणि ते पलीकडे होतं. पूर्वेकडचे पश्चिमेला निघाले, पश्चिमेकडचे पूर्वेला, दोन्ही बांबूंपाशी कोंडी झाली. "अबे सरक ना! माह्या घरावर उभा राह्यला तू!" "तुह्या घरावर स्लॅब कवा पडला बे?" "हे वाकडी भिंत कोनाची?" "सुरुंगाची." म्हैस मधून एकदा आरपार गेली. मग सगळे आपापलं घर पाहून परतले तेव्हा कुणालाच आपली चटई सापडेना, आणि जिथे जागा मिळाली तिथे जो तो बसला. मी बराच वेळ लोकांना आपापल्या जागी बसवायचा प्रयत्न करत होते. यजमानांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. कुणाच्या चटईवर, ते मला आजही माहीत नाही.

कांताबाई शाळेच्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि दोन वाक्यांत चिठ्ठ्यांचं म्हणणं मांडलं. सगळ्यांनी पाटलांकडे पाहिलं.

"पाहू," पाटील म्हणाले.

"पाहू काय?" पाटलीणबाई. "मले तर या बाईच्या बाजूले द्या. हिच्या दारी कवठ आहे."

लोक हसले. पाटीलही हसणार होते. मग म्हणाले, "कवठ इथंच राह्यते. ते कुठी येते नव्या गावात?"

हसू थांबलं. पडदा संथपणे हलत होता, आता खरंच वारा सुटला होता. मग एक माणूस उठला आणि अर्जाचे कागद ठेवलेल्या टेबलाजवळ येऊन म्हणाला, "कुठी सही करू?" त्याच्यामागे रांग लागली. पाटलीणबाईंनी एकेक अक्षर जोडत स्वतःचं नाव लिहिलं. पाटील रांगेत आले नाहीत.

आता गावातली काही घरं रिकामी झाली आहेत. दारं-खिडक्या काढून नेल्यावर घर कसं दिसतं, ते मी लिहीत नाही. कांताबाई निघालेल्या नाहीत. प्लॉट ठरेपर्यंत त्या जागची हलणार नाहीत. पडदा आमच्या माळ्यावर आहे, डांबराच्या गोळ्या घालून. आणि भाऊजी गावातच आहेत. पडदा पूर्ण झाल्यावर ते कुठल्या गावात थांबल्याचं मला आठवत नाही. रंग वाळायच्या आत ते पुढच्या गाडीत असायचे. या वेळी रोज संध्याकाळी पाटलांकडे जातात. अर्जाचं नाव काढत नाहीत. रंग नाही, बांबू नाही, नुसते बसतात. काल मी फोन करून विचारलं, "पाटील काय म्हणतात?"

"चहा घेता का म्हणते."

"आणि तुम्ही?"

"घेतो म्हनतो." मग म्हणाले, "वहिनी, काल पाटील म्हने, चाला जरा तिकडं फिरून येऊ. कवठापर्यंत गेलो आमी. पाटलानं हात लावला झाडाले."

अर्ज टाइप करून तयार आहे. नकाशाची प्रत जोडली आहे, सह्यांची पानं जोडली आहेत. पाटलांच्या नावापुढची जागा कोरी आहे. शुक्रवारी पुनर्वसन कार्यालयात द्यायचा आहे.